रेड्याच्या एकेचाळीस ओळी

सकाळी साडेनऊला तो खुर्चीत नीट टेकलाही नव्हता, तेवढ्यात पडद्यावर ती चिठ्ठी आली. चिठ्ठीत खोट काढायला जागा नव्हती. ‘सर, या एकेचाळीस ओळी तुमच्या नावावर आहेत. ज्या मशीनसाठी त्या लिहिल्या, ते मशीन बंद होऊन वीस वर्षं झाली. काढून टाकते आहे. तुमची मंजुरी हवी.’ आणि त्याखाली, काढण्याचं कारण म्हणून नोंदीत कायमची राहणारी एक ओळ तिने तयार ठेवली होती: ‘या मशीनच्या सदोष कंपायलरमुळे घातलेली ठिगळं. तो कंपायलर आता कुठेच वापरात नाही.’ त्याने ते एकदा वाचलं आणि ‘सदोष’पाशी त्याची नजर खिळ्याला सदरा अडकावा तशी अडकली. चहा समोर होता, तो त्याने उगाच ढवळला. साखर घेणं सोडून चार वर्षं झाली होती.

तो काय काम करतो हे त्याच्या नातेवाइकांत आजवर कोणालाही कळलेलं नव्हतं. मेव्हण्याने एकदा विचारलं होतं, “भावजी, तुम्ही नक्की करता काय?” “लोक ज्या भाषेत प्रोग्राम लिहितात ना, ती भाषा चालवणारं इंजिन आम्ही बनवतो.” “म्हणजे गाडीचं?” “नाही.” “मग राहू द्या.” तर ते राहू द्यायचं इंजिन जगातल्या नाना जातींच्या मशिनींवर बांधावं लागतं, आणि कोणत्या मशीनवर कसं बांधायचं याच्या सूचनांची एक फाइल असते. तीन हजार ओळींची. घरी मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांच्या पथ्यांची यादी असावी तशी. अमक्याला मीठ कमी, तमक्याला उशी उंच, आणि अमका बोलायला लागला की त्याच्याकडे बघायचं नाही. पाहुणे एकेक करून मरून गेले, यादी तशीच. रोज सकाळी इंजिन बांधताना ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली जायची आणि मेलेल्यांचीही पथ्यं विचारली जायची: रेडा आहे का? नाही. पुढे चला. वीस वर्षं रोज रेड्याची, म्हणजे चिठ्ठीतल्या त्या मशीनची, चौकशी चालली होती. आणि ती का चालली होती, हे एकट्या त्यालाच माहीत होतं.

ही यादी साफ करायला जी बसली होती तिला सगळे झाडूबाई म्हणत. ती स्वतःच स्वतःला म्हणायची. चाळिशीला आलेली, दोन मुलांची आई, बोलायला लागली की समोरच्याचं अर्धं वाक्य आपणच संपवणारी. आठवड्याभरात तिने सहाशे ओळी काढल्या होत्या आणि एकही गोष्ट मोडली नव्हती. नियम एकच होता, फार जुना, लिहिलेला कुठेच नाही पण मोडलेलाही कोणी नाही: ओळ ज्याच्या नावाची, शब्द त्याचा. त्याला विचारल्याशिवाय ती हलवायची नाही. बहुतेक ओळींचे मालक नोकरी सोडून गेले होते, त्यांच्या वतीने कोणीही मान डोलवायचं. तो मात्र होता. सत्तावन्न वर्षांचा, जागेवर, हयात. “पुरातत्त्व खात्याची परवानगी घेतलीस का?” असं पलीकडच्या रांगेतून कोणीतरी तिला विचारलं आणि दोघं-तिघं हसले. त्यानेही हसल्यासारखं केलं.

हिरवं बटण समोर होतं. ‘मंजूर.’ बोट खाली गेलं की संपलं. त्याने बोट वर धरलं आणि ओळी पुन्हा वाचल्या. सगळ्यांत वर त्याचीच टीप होती, पस्तिसाव्या वर्षी लिहिलेली, त्या वयातल्या माजाने: ‘सावधान. या मशीनचा कंपायलर ही फाइल बिघडवतो. या फाइलपुरती त्याची हुशारी बंद ठेवली आहे. काढू नका.’ माणसं चुका करतात, त्याचं काही नाही. पण आपली चूक दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची, आणि वर तिथे ‘काढू नका’ अशी पाटी ठोकायची, हे करायला चांगला शिकलेला, भरल्या घरातला, वेळच्या वेळी दाढी करणारा माणूस लागतो. चोराला एवढं सुचत नाही.

रेडा आला तेव्हा चौघांनी उचलून आणला होता. काळा, ढब्बू, मागून गरम फुंकर टाकणारा. नाव पहिल्याच दिवशी पडलं. याच्याकडून वेद म्हणवून घ्यायचेत, असं साहेब म्हणाले आणि कामाला लावलं. रेड्याकडे कधीमधी एक माणूस यायचा. रेडा बनवणाऱ्या कंपनीत कंपायलर लिहायचा, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम रेड्याला कळेल अशा भाषेत उतरवून देणारं यंत्र. पंचेचाळिशीचा, कुडता नेहमी एका बाजूने खाली ओढलेला, कारण त्या बाजूच्या खिशात सदैव कसली तरी कागदांची चळत. लहानांनाही अहो-जाहो करायचा. त्याच्याशी बोलताना आपण जरा जास्तच हुशार आहोत असं वाटायचं, इतकं तो मन लावून ऐकायचा. एकदा जेवायला घरी आला होता. आई तेव्हा पार बहिरी झाली होती आणि सगळं घर तिच्याशी ओरडून बोलायचं. हा जेवता जेवता गप्प बसून बघत राहिला आणि म्हणाला, “त्यांना आवाज नको आहे हो. त्यांच्यासमोर या, तोंड दिसू द्या आणि सावकाश बोला. त्या ओठ वाचतात.” सगळे थक्क. चार दिवस तसं केलंही. मग घाईगर्दीत पुन्हा ओरडणं सुरू झालं, ते आई गेली तरी थांबलं नाही. आज सहा वर्षं झाली तिला जाऊन, दोघं नवराबायको अजून एकमेकांशी त्याच वरच्या पट्टीत बोलतात. शेजारी नवीन आलेल्या बाई एकदा बेल वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून.

तर रेड्यावर इंजिन मधूनच पडायचं. दिवसातून दोनदा, कधी चारदा. इंजिनात एक भाग त्याचा होता, आवराआवर करणारा. वापरून झालेल्या वस्तू उचलायच्या, चालू वापरातल्या तशाच ठेवायच्या. बाकी सगळ्या मशिनींवर तो बिनबोभाट चालायचा, रेड्यावर मात्र कधीतरी चालू वस्तूच उचलून टाकायचा. दोन दिवस शोधून त्याला कळलं की कंपायलरची हुशारी बंद केली की सगळं ठीक चालतं. झालं. याहून जास्त पुरावा कोणाला लागतो? एका बाजूला दहा मशिनींवर चाललेलं आपलं काम, दुसऱ्या बाजूला एका रेड्याचा एक कंपायलर. त्याने एकेचाळीस ओळींचं ठिगळ लावलं, टीप लिहिली आणि कळवून टाकलं: कंपायलर चुकीचा आहे. तो माणूस आला. एक आठवडा बसला, दोन बसला, तीन बसला. त्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून, त्याच्या कंपायलरने काढलेली आकड्यांची भेंडोळी गुडघ्यावर पसरून, पेन्सिलीने एकेक ओळ तपासत. सापडेना. शेवटी बैठक झाली. मोठे साहेब दोन्हीकडचे. त्या माणसाला विचारलं, दोष आहे की नाही ते सांगा. तो म्हणाला, “साहेब, मला तीन आठवड्यांत सापडला नाही. माझ्याकडे नाहीच असं मी म्हणत नाही. सापडला नाही, एवढंच.” खरं बोलणाऱ्या माणसाचं वाक्य असं असतं. आणि गळफास त्याच वाक्याचा बनवतात. पुढच्या महिन्यापासून तो कंपायलरवर नव्हता. त्याला पुस्तिका लिहायला बसवलं. मशीन कसं चालू करावं, कसं पुसावं. पुढे कंपन्या बदलल्या तरी निवृत्त होईपर्यंत तो तेच लिहीत होता.

अकराच्या सुमाराला पाण्याच्या यंत्रापाशी झाडूबाई भेटली. बाटली भरता भरता म्हणाली, “सर, बघितलंत ना?”

“बघतोय.”

“घाई नाही. फक्त एक विचारू? त्या कंपायलरच्या दोषाचा नोंद क्रमांक मला कुठे मिळाला नाही. बाकीच्या ठिगळांना आहेत. हे काढताना लिहिलं असतं.”

“जुनी गोष्ट आहे ती.”

“हो ना, जाऊ दे. आता कंपनीच नाही तर क्रमांक कुठला. मेलेल्याला दोष देऊन काय मिळायचंय. पण कारण म्हणून काहीतरी लिहायला तर हवं.”

“मेला नाहीये तो,” तो म्हणाला.

“कोण?”

“कोणी नाही. बाटली सांडतेय तुझी.”

तिने गडबडीने बाटली ओढली, चप्पल भिजली, ती आपल्यालाच शिव्या घालत हसली, आणि त्याला तिचा इतका राग आला की स्वतःचंच नवल वाटलं. हिने काय केलं होतं? काही नाही. हिने टीप वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. आता उद्या ती स्वतःच्या सहीने लिहिणार की दोष त्याचा होता. खोटं आतापर्यंत एकाच्या नावावर होतं, उद्यापासून दोघांच्या. आणि ओळी गेल्यावर ते तपासायलाही काही उरणार नाही.

कारण क्रमांक नव्हताच. दोषच नव्हता. हे त्याला एका वर्षाने कळलं, दुसरंच एक मशीन आलं तेव्हा. तिथेही तसंच पडायला लागलं, आणि या वेळी कंपायलर अशा लोकांचा होता की त्यांच्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती नव्हती. म्हणून नाइलाजाने त्याने स्वतःचं काम उघडलं. दुपारची वेळ, पंखा फिरतोय, आणि ते एकदम समोर आलं. मशीन आपल्या चालू वस्तू दोन ठिकाणी ठेवतं. एक टेबल म्हणा, आणि एक हात. टेबलाला स्टॅक म्हणतात, हाताला रजिस्टर. आवराआवर करताना हा फक्त टेबल बघत होता. टेबलावर नाही म्हणजे टाकाऊ, असं ठरवत होता. बाकीच्या मशिनींचे हात लहान, त्यांना सगळं शेवटी टेबलावर ठेवावंच लागे, म्हणून नशिबाने निभावलं. रेड्याचा हात मोठा होता आणि त्याचा कंपायलर हुशार होता. चांगल्या कारागिरासारखा तो वस्तू हातातच धरून काम करायचा. हुशारी बंद केली की बिचारा सगळं टेबलावर मांडायचा, आणि मग सगळं ठीक. त्या माणसाने तीन आठवडे जी भेंडोळी तपासली त्यात चूक सापडेना, कारण त्यात चूक नव्हती. पहिल्यांदा त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोला. उकललं याचा आनंद. पाच मिनिटं तो खुर्चीत डुलत होता. मग तो डुलायचा थांबला.

त्याने काय केलं? त्याने हात बघणाऱ्या सहा ओळी लिहिल्या, आणखी दोनशे ओळींच्या फालतू फेरफारात त्या दडपल्या, आणि वर मथळा दिला: ‘किरकोळ सफाई’. रेड्याच्या एकेचाळीस ओळी तशाच ठेवल्या. त्यांची आता गरज नव्हती. पण त्या काढल्या असत्या तर कोणीतरी विचारलं असतं, आता कसं काय चालतं? म्हणून त्या पहारा देत उभ्या राहिल्या. तेव्हाच सांगायचं तर सांगता आलं असतं. त्या माणसाला पुस्तिका लिहायला बसून जेमतेम वर्ष झालं होतं. पण पगारवाढ तोंडावर होती, आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं व्हायची होती, साहेब नवीन होते. कारणं मागायला गेलं तर पोत्याने मिळतात. आणि पुढच्या वर्षी ती रेड्याची कंपनीच बुडाली, दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने, तेव्हा त्याला वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली सुटल्यासारखंही वाटलं. तो माणूस मात्र सुटला नाही. दर वर्षी याच्या वाढदिवसाला सकाळी सातला त्याचा संदेश येतो. ‘साहेब, उदंड आयुष्य.’ बावीस वर्षं. आधी पत्र, मग फोनवर. हा दरवर्षी दोन जोडलेले हात पाठवतो.

दुपारी तो घरी जेवायला गेला. घर दहा मिनिटांवर. बायको शाळेतून आली होती, तिने ताट वाढलं आणि समोर बसली.

“तोंड का एवढंसं?” ती ओरडून म्हणाली.

“काही नाही! एक जुनं काम काढून टाकायचंय, मंजुरी मागतायत!” तोही ओरडला.

“मग द्या की! एवढ्यासाठी आमटी गार करताय?”

आणि काय झालं कोणास ठाऊक, त्याने तिला सांगितलं. हात आणि टेबल आणि सहा ओळी, सगळं. सांगताना त्याचा आवाज खाली गेला, इतका की तिला खुर्ची पुढे ओढावी लागली. झाल्यावर ती म्हणाली, “हा तोच ना, आईंशी कसं बोलायचं ते सांगणारा?”

“तोच.”

“वाढदिवसाचा मेसेज येतो तोच?”

“हो.”

तिने त्याच्या ताटाकडे बघितलं, मग खिडकीकडे. “मला वाटायचं, किती जीव लावतो हा माणूस,” ती म्हणाली. “आणि मी तुम्हाला म्हणायचे, अहो, एकदा तरी तुम्ही फोन करा त्यांना. दर वर्षी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, वेळ कुठे आहे.” ती उठली. भांडी उचलताना तिने आपटली नाहीत. आपटली असती तर बरं झालं असतं.

कामावर परतल्यावर त्याने झाडूबाईची ओळ खोडली आणि आपली लिहिली. चार वेळा लिहिली. पहिल्या खेपेला ‘त्या काळच्या परिस्थितीत’ असा शब्दप्रयोग आला, तो वाचून त्याला स्वतःची शिसारी आली. दुसऱ्या खेपेला चूक ‘झाली होती’, जणू पाऊस झाला होता. चौथ्या खेपेला उरलं ते असं: ‘ही ठिगळं पहिल्यापासून चुकीची होती. कंपायलरमध्ये दोष नव्हता. रजिस्टरं तपासायची मी विसरलो होतो. एका वर्षाने मला ते कळलं, मी ते गुपचूप दुरुस्त केलं आणि दोष कंपायलर लिहिणाऱ्यावर तसाच राहू दिला.’ खाली आपलं नाव. पाठवलं आणि हात मांडीवर ठेवून बसला.

पाच मिनिटांनी झाडूबाई टेबलापाशी येऊन उभी राहिली. एरवी ती पाठीमागूनच बोलायला सुरुवात करत येते.

“सर, हे असंच जाऊ द्यायचं?”

“हो.”

“नाही, म्हणजे सगळ्यांना दिसेल. जगात कोणीही उघडून वाचेल.”

“वाचू दे.”

“चूक तर कोणाचीही होते हो, सर. माझी गेल्या महिन्यातली आठवते ना? सगळं तीन दिवस बंद.”

“तू तिसऱ्या दिवशी सांगितलंस.”

तिने टेबलावरची टाचणी उचलली, परत ठेवली. “त्यांना माहितीये का? ते जे होते, कंपायलर लिहिणारे?”

त्याने ती टाचणी डबीत टाकली. ती गेली, आणि जाताना तिने त्याच्या खांद्याला क्षणभर हात लावला, आपण कोणाला हात लावतो आहोत हे न ठरवता लावावा तसा. आणि त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच केलं आहे. जिथे तो माणूस आता कधीच फिरकणार नाही अशा जागी कबुली लिहून ठेवली. नोंदीत लिहिणं म्हणजे विहिरीत ओरडणं. लोक म्हणतील, काय मनाचा मोठेपणा. वर तेही मिळेल. पडद्यावर खाली खाली झाडूबाईच्या सगळ्या चाचण्या हिरव्या होत गेल्या, एकेचाळीस ओळी निघाल्या, इंजिन बांधलं गेलं, कुठेही काही मोडलं नाही.

तो उठला आणि जिन्यात गेला. दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर खिडकी होती, चारचं ऊन पायरीवर पडलेलं. नंबर लावला. तिसऱ्या घंटीला उचलला.

“अरे साहेब! आज कसं काय? आज वाढदिवस नाही तुमचा.” आवाज म्हातारा झाला होता, पण अहो-जाहो तशीच. “माझाही नाही.”

“रेडा आठवतो तुम्हाला?”

“रेडा कसला विसरतोय. त्यानेच तर शिंग मारलं मला.” आणि तो हसला. कडवटपणा नव्हता त्यात, हेच वाईट होतं.

“ती फाइल,” हा म्हणाला. “त्यात तुमची चूक नव्हती. माझी होती.”

त्याने ‘का’ विचारलं नाही, ‘कधी कळलं’ विचारलं नाही. एखाद्या डॉक्टरने पोटावर बोट ठेवून विचारावं तसं विचारलं, “कुठे?”

“रजिस्टरं. रजिस्टरं बघायचीच राहिली होती माझ्याकडून. फक्त स्टॅक बघत होतो.”

“थांबा.” कागद शोधल्यासारखा आवाज आला. बहुधा कागद नव्हताच, हात हवेत फिरत असणार. “म्हणजे मी वस्तू रजिस्टरमध्ये ठेवली... स्टॅकवर तिची प्रत ठेवली नाही, कारण ठेवायची गरजच नव्हती... आणि तुम्ही... हो. हो हो हो. मग बरोबरच होतं. बरोबरच होतं ते! शेवटच्या पानावर मी खूण करून ठेवली होती बघा, इथे काही चूक नाही अशी!” आणि मग फोनपासून तोंड वळवून, सदुसष्ट वर्षांचा तो माणूस घरात आत कुठेतरी जीव खाऊन ओरडला, “अगं! अगं ऐकलंस का? ते माझं नव्हतं!”

लांबून बाईचा आवाज आला. “काय तुमचं नव्हतं?”

“रेड्याचं! ती फाइल! नव्हतं माझं!”

हा फोन कानाला घट्ट लावून उभा होता. तिकडे पावलं वाजली, भरभर. तिला समजावून सांगावं लागलं नाही. रेडा म्हणजे काय, फाइल कुठली, काहीही विचारलं नाही तिने. म्हणजे त्या घरात ते रोजचं होतं. जेवताना, झोपताना, बावीस वर्षं, पाहुण्यासारखं नव्हे, घरच्यासारखं राहत होतं.

“नव्हतं ना?” ती आता अगदी फोनजवळ होती. “मी म्हणत नव्हते? मग कोणाचं होतं?”

त्या माणसाचा श्वास याला ऐकू येत होता. मग त्याने बायकोला सांगितलं, हळूच, फोनवर हात ठेवून, पण हात नीट बसला नसावा: “असेल कोणाचं तरी. आता काय करायचंय त्याचं.”

“सांगा त्यांना,” हा म्हणाला.

“राहू द्या हो, साहेब. फोन केलात, भरून पावलो.”

“नाही. वहिनींना द्या फोन.”

“अहो, तिला कशाला...”

“द्या.”

खरखर झाली. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. “हॅलो,” बाई म्हणाली. “कोण?”

त्याने आपलं नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, शाळेत उभं करून विचारल्यावर सांगतात तसं पूर्ण. मग म्हणाला, “माझी चूक होती ती. मला एकवीस वर्षांपासून माहीत होतं.”

पलीकडून काही आलं नाही. फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही. ती होती तिथे. तो जिन्यात उभा राहिला.